सगळा पडदा का त्यातली माणसे?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विजेच्या भानगडीत पडू नये, असा एक अलिखित संकेत आहे. तृतीय वर्षापर्यंत मी तो निष्ठेने पाळला. घरातला बल्ब गेला तरी मी बाबांना हाक मारीत असे. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका जुन्या टीव्ही गेमपायी मला पंधरा दिवस विजेशी, पडद्याशी आणि शेवटी माणसाच्या डोळ्याशी झटावे लागले. त्या खटाटोपात जे उमगले ते येथे मांडीत आहे. आपल्या महाविद्यालयात विज्ञान शाखा नाही, त्यामुळे चुका काढणारे फारसे कोणी भेटणार नाही, एवढाच मला दिलासा.

दिवाळीची साफसफाई चालू असताना माळ्यावरून एक खोका खाली आला. त्यात धाकट्या काकाचा टीव्ही गेम होता. करड्या रंगाचे चपटे यंत्र, वायरीने जोडलेल्या दोन जॉयस्टिक, एक प्लॅस्टिकची बंदूक आणि सात-आठ पिवळ्या-काळ्या कॅसेटी. (खेळाच्या त्या चौकोनी ठोकळ्याला आपल्याकडे कॅसेटच म्हणत, गाण्याच्या कॅसेटीशी त्याचे काही नाते नाही.) काका सातवीत असताना, १९९६ साली, आजोबांनी त्याला ते घेऊन दिले होते. यंत्र म्हणजे एका जपानी यंत्राची नक्कल. निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानात ‘फॅमिली कॉम्प्युटर’ विकायला काढला आणि पुढे त्याच्या नकला जगभर पसरल्या. १९९०च्या दशकात आपल्याकडच्या पुष्कळ मुलांनी मारिओ पाहिला तो अशा नकलेवरच.

मागच्या खोलीत आजीचा एकवीस इंची रंगीत टीव्ही आहे. १९९४ सालचा, पाठीमागे हातभर फुगलेला. आम्ही दोघांची गाठ घालून दिली. मारिओ उभा राहिला खरा, पण चित्र सारखे लुकलुकत होते.

एरवी हसून सोडून दिले असते. पण त्या दिवशी इचलकरंजीहून आत्या आली होती आणि तिच्याबरोबर माझा तेरा वर्षांचा आतेभाऊ. त्याला अपस्मार आहे. गोळ्या चालू आहेत, दोन वर्षांत फिट आलेली नाही, पण आत्याच्या जिवाला अजून स्वस्थता नाही. पडदा पाहताच ती पुढे झाली आणि तिने बटणच बंद केले.

“वहिनी, असल्या लुकलुकीनंच येते म्हणतात फिट. तो डबा भंगारात घाला बघू.”

“वन्सं, दुरुस्त होतोय का ते तर बघू,” आई म्हणाली.

आतेभाऊ काही बोलला नाही. नदीत पोहायचे नाही, मोठ्या रस्त्यावर सायकल न्यायची नाही, गणपतीच्या मिरवणुकीत दिव्यांच्या समोर उभे राहायचे नाही, ही यादी त्याला पाठ आहे. रात्री जेवताना तो मला हळूच म्हणाला, “तायडे, हेपण नाही ना आता?”

मी घरच्यांकडून चार दिवसांची मुदत मागून घेतली. पुढे ती वाढत गेली.

माझी सुरुवातच चुकीची झाली. मोबाइलवर पडद्याचा व्हिडिओ काढून मी तो पुण्याला काकाला पाठविला. व्हिडिओत एक जाड काळा पट्टा वरून खाली सारखा सरकत होता. काकाने लगेच कळविले, “पिक्चर ट्यूब गेली. नाद सोड.” मी रडकुंडीला आले. नंतर सहज पडद्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिले, तर तो काळा पट्टा तिथे नव्हताच! आजीची मालिका चालू असतानाचा व्हिडिओ काढून पाहिला, त्यातही तो होता. कॅमेरा एका ठेक्याने चित्रे टिपतो, पडदा दुसऱ्या ठेक्याने उजळतो. दोन्ही ठेके जुळले नाहीत की मधली न उजळलेली जागा काळा पट्टा होऊन दिसते. तेव्हा जुन्या टीव्हीचा दोष कॅमेऱ्याला कधी विचारू नये. आपल्या डोळ्यांनी पाहावे.

लक्ष्मी मार्केटच्या मागच्या बोळात एका टीव्ही मेकॅनिकचे दुकान आहे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. आता दुकानात मिक्सर आणि टेबलफॅनच अधिक दिसतात. मी तक्रार सांगितली. चाचांनी हातातला सोल्डरचा इस्त्रीसारखा तापलेला दांडा बाजूला ठेवला आणि विचारले, “सगळा पडदा लुकलुकतोय का त्यातली माणसं?”

मला उत्तर देता येईना.

“नीट बघून ये पोरी. सगळा पडदा लुकलुकतो तो एक रोग. पट्टे सरकतात तो दुसरा. आणि नुसती माणसं लुकलुकत असली तर त्याला माझ्याकडं औषध नाही, कुणाकडंच नाही.”

या एका प्रश्नाने माझी दिशा बदलली. मी लुकलुकीला एकच गोष्ट समजत होते. प्रत्यक्षात आमच्या पडद्यावर तीन निरनिराळ्या लुकलुकी एकमेकींत मिसळून नांदत होत्या.

पहिली समजून घेण्यासाठी नळीचा टीव्ही चित्र कसे काढतो ते थोडे पाहावे लागेल. या टीव्हीच्या पडद्यावर पूर्ण चित्र असे कधीच नसते. नळीच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत येतो आणि पडद्याच्या आतल्या लेपावर आदळून तिथे उजेड पाडतो. हा उजेडाचा ठिपका डावीकडून उजवीकडे एक ओळ काढतो, परततो, खालची ओळ काढतो. आपल्या देशाने स्वीकारलेल्या पद्धतीत एका चित्राला ६२५ ओळी लागतात आणि सेकंदाला अशी २५ चित्रे होतात. म्हणजे ठिपक्याला सेकंदात १५,६२५ ओळी गिरवाव्या लागतात. पण सेकंदाला २५ वेळाच पडदा उजळला तर डोळ्यांना तो सहन होणार नाही. म्हणून एक युक्ती केलेली असते. आधी एकाआड एक ओळी काढून अर्धे चित्र पुरे करायचे, मग राहिलेल्या ओळी भरायच्या. त्यामुळे पडदा वरपासून खालपर्यंत सेकंदाला ५० वेळा उजळतो. सिनेमातही असेच आहे. तिथे चित्रे सेकंदाला २४ असतात, पण प्रक्षेपकातली फिरती झडप प्रत्येक चित्र दोनदा किंवा तीनदा दाखविते.

सारांश, धडधाकट टीव्हीही लुकलुकत असतोच, आपल्याला ते जाणवत नाही एवढेच. ज्यांच्या घरी असा टीव्ही शिल्लक असेल त्यांनी करून पाहावे. समोरच्या भिंतीकडे पाहत टीव्ही डोळ्याच्या कोपऱ्यात ठेवायचा. पडदा थरथरताना स्पष्ट दिसेल, कारण डोळ्याची कड असल्या हालचालीला अधिक तिखट असते. मानसशास्त्राच्या वर्गात आम्ही शिकलो होतो की उजेडाचे झपके एका मर्यादेपलीकडे जलद झाले की ते एकजीव होऊन सलग उजेड भासतो. ही मर्यादा ठरलेली नसते. फेरी आणि पोर्टर यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की उजेड जितका प्रखर तितकी मर्यादा वर सरकते. मंद प्रकाशात पन्नास झपके सहज एकजीव होतात, लख्ख उजेडात ते सुटे दिसू लागतात. परीक्षेत मी हा नियम लिहून गुण मिळविले होते. तो आमच्या मागच्या खोलीत लागू पडेल, असे मात्र कधी मनात आले नव्हते.

आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होण्याआधी तिला नीट दिसावे म्हणून बाबांनी टीव्हीचा ब्राइटनेस पार टोकाला नेऊन ठेवला होता. मालिकेत अंधाऱ्या खोल्या आणि गडद साड्या असतात, तिथे ते खपून गेले. मारिओच्या खेळात पडद्याचा मोठा भाग उजळ निळ्या आभाळाने भरलेला असतो. आभाळच थरथरत होते! ब्राइटनेस निम्म्यावर आणला, खोलीतली ट्यूबलाइट लावली, पोरांना पडद्यापासून सात-आठ फूट मागे बसविले. पहिली लुकलुक जवळजवळ गेली. खर्च शून्य.

आता उरलेले दिसू लागले. आभाळावर दोन आडवे, किंचित काळपट पट्टे होते आणि ते संथपणे वर सरकत होते. हा चाचांचा ‘दुसरा रोग’. तो टीव्हीत आहे की यंत्रात, हे ठरविणे सोपे निघाले. त्याच टीव्हीला आजीचा फ्री डिशचा डबा जोडला, तर चित्र स्वच्छ. म्हणजे टीव्ही निर्दोष. मग यंत्र अँटेनाच्या वायरीतून जोडले होते ते काढून पिवळ्या-पांढऱ्या पिनांनी ए.व्ही.च्या भोकात जोडले. चित्रातले मुंग्यांसारखे ठिपके गेले, कडा धारदार झाल्या, पण पट्टे तसेच. कॅसेटही एकदा पुसून पाहिली. काकाच्या पिढीला कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारायची सवय होती आणि त्या फुंकरीवर त्यांची मोठी श्रद्धा. चाचांच्या मते तोंडातली वाफ पितळी दातांवर बसून उलट गंज धरते. कापसाला स्पिरिट लावून दात पुसले, ते काळेकुट्ट निघाले. त्याने चित्रातली वेडीवाकडी अक्षरे गेली. पट्ट्यांना काही झाले नाही.

राहिला तो यंत्राला वीज पुरविणारा एलिमिनेटर. मूळचा केव्हाच हरवला होता, म्हणून बाबांनी जुन्या रेडिओचा लावला होता. इथे विजेचे थोडे गणित येते. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते. एलिमिनेटर तिला एका दिशेची करतो, पण तसे करताना सेकंदाला शंभर उंचवटे आणि शंभर खड्डे पडतात. ते भरून काढण्याचे काम कपॅसिटर नावाच्या लहानशा डब्याचे. तो एखाद्या टाकीसारखा आहे: भरती आली की साठवतो, ओहोटी लागली की सोडतो. आमच्या यंत्रात नऊ व्होल्टची वीज येते आणि आतला एक तीनपायी भाग तिची नेमकी पाच व्होल्ट करतो. मात्र त्यासाठी त्याला कमीत कमी सात व्होल्टच्या आसपास मिळत राहिले पाहिजेत. रेडिओचा एलिमिनेटर अंगाने अशक्त, यंत्रातला कपॅसिटर तीस वर्षांत सुकलेला. त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात वीज त्या पातळीच्या खाली जाई आणि चित्र तेवढ्यापुरते अंधारे. सेकंदाला शंभर खड्डे, सेकंदाला पन्नास पडदे, म्हणून प्रत्येक पडद्यावर दोन पट्टे. यंत्राचे पन्नास आणि विजेचे पन्नास यांत केसाएवढा फरक असतो, म्हणून पट्टे जागच्या जागी न थांबता सरकतात.

हे सर्व चाचांनी वहीच्या मागच्या पानावर काढून दाखविले आणि ते पडताळण्याची एक सुंदर रीतही सांगितली. “सेलवर चालवून बघ. सेलात खड्डे नसतात.” दीड व्होल्टचे सहा पेन्सिल सेल एकामागे एक लावले की नऊ व्होल्ट होतात. इथे एक इशारा देणे भाग आहे. आमच्या यंत्राच्या पिनेत आतली बाजू ऋण आणि बाहेरची धन आहे. पुष्कळ उपकरणांत याच्या नेमके उलटे असते. यंत्राच्या बुडाशी त्याचे बारीक चित्र असते, ते पाहिल्याशिवाय काही जोडू नये. मी तीनदा पाहिले, बाबांना दाखविले, आणि मग जोडले.

पट्टे गेले! आभाळ स्वच्छ, एकसारखे निळे.

चाचांनी यंत्र उघडून नवा कपॅसिटर बसविला, नऊ व्होल्टचा योग्य एलिमिनेटर दिला आणि सगळ्याचे मिळून दोनशे रुपये घेतले. टीव्हीचे पाठीमागचे झाकण उघडून ‘आतली धूळ काढू का’ असे मी विचारले, तेव्हा मात्र ते रागावले. रंगीत नळीला वीस हजारांहून अधिक व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही नळी तो भार बराच वेळ धरून ठेवते. “माझा हात एकदा शिवला होता, भिंतीला जाऊन लागलो होतो,” ते म्हणाले. टीव्ही आम्ही उघडला नाही. या लेखाच्या आधारे कोणी उघडू नये.

पट्ट्यांच्या नादाने मला एक जुनी कोडी सुटली. टीव्हीने सेकंदाला पन्नासच पडदे का काढावे? सुरुवातीच्या टीव्हींत हे विजेचे पट्टे पूर्णपणे घालविणे अवघड होते. म्हणून पडद्यांची संख्या विजेच्या ठेक्याशी जुळवून घेतली, म्हणजे पट्टे पळण्याऐवजी निदान जागेवर राहतील. युरोपात वीज पन्नासाची, तिथे पडदे पन्नास. अमेरिकेत वीज साठाची, तिथे पडदे साठ आणि ओळी ५२५. आपली वीज पन्नासाची, त्यामुळे आपण युरोपच्या पंगतीला बसलो. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हाही हेच माप होते आणि १९८२ साली रंग आले तेव्हाही. जपान मात्र अमेरिकेच्या बाजूला. म्हणून अस्सल जपानी यंत्र आपल्या जुन्या टीव्हीला जोडले तर रंगाची लिपीच टीव्हीला वाचता येत नाही, चित्र पुष्कळदा काळे-पांढरे दिसते आणि साठ व पन्नास यांचे जमले नाही तर वरखाली गरगर फिरते. तसे फिरणारे चित्र आजोबांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर दिसायचे, असे आजी सांगते. मागे ‘व्ही होल्ड’ नावाचा खुंटा होता. १९८७-८८ साली रविवारी सकाळी रामायण लागले की आजोबा टीव्हीमागे हात घालून बसायचे, आणि समोर बसलेली आळी त्यांना “थोडं डावीकडं, हां, सोडू नका!” म्हणून हुकूम द्यायची. त्यांनी अर्धे रामायण टीव्हीच्या मागून पाहिले.

आपल्याकडच्या नकली यंत्रांत ही गोष्ट सुधारून घेतलेली होती. ती पन्नासाच्या ठेक्यावर चालत. पण खेळ रचले होते साठाच्या हिशेबाने. त्यामुळे ते सहाव्या हिश्श्याने संथ चालत. काकाला हे सांगितले तेव्हा तो जरा वेळ गप्प झाला. त्याचा मारिओ जन्मभर हळू धावला होता!

आता राहिली तिसरी लुकलुक. पट्टे गेल्यावर आतेभावाने दुसरी कॅसेट लावली. पडद्यावर शत्रूंची गर्दी झाली आणि माणसे उघडझाप करू लागली. आभाळ स्थिर, जमीन स्थिर, फक्त एका रेषेत आलेली माणसे दिसत आणि नाहीशी होत. “सगळा पडदा का त्यातली माणसं,” याचा अर्थ मला तेव्हा कळला.

या यंत्रात चित्र काढणारा एक स्वतंत्र भाग आहे. मागचा देखावा तो एका पद्धतीने काढतो आणि हलणाऱ्या वस्तू वेगळ्या पद्धतीने. हलणाऱ्या वस्तूंचे आठ ठिपके रुंदीचे लहान तुकडे असतात. असे एकूण ६४ तुकडे त्याला लक्षात ठेवता येतात, पण पडद्याच्या कोणत्याही एका ओळीवर आठापेक्षा जास्त मांडता येत नाहीत. पंगतीत आठच पाट आहेत. मारिओएवढा प्राणी सोळा ठिपके रुंद, म्हणजे त्याला दोन पाट लागतात. चार जण एका रांगेत आले की पंगत भरली. पाचवा आला तर यंत्र त्याला वाढतच नाही, तो त्या ओळीवर अदृश्य. अदृश्य शत्रूने मारले तर खेळणाऱ्याने काय करावे? म्हणून खेळ रचणाऱ्यांनी तोड काढली. दर पडद्याला पाहुण्यांचा क्रम फिरवायचा. या वेळी हा उपाशी, पुढच्या वेळी तो. सगळे थोडे थोडे दिसतात, कोणी कायमचा नाहीसा होत नाही. आपण ज्याला दोष समजतो ती त्यांनी मुद्दाम केलेली सोय आहे. ती घालवायची तर यंत्रच वेगळे करावे लागेल. मार बसल्यावर मारिओ थोडा वेळ लुकलुकतो तेही मुद्दामच. तेवढ्या वेळात त्याला पुन्हा मार लागत नाही.

बाबांना हे पटले नाही. त्यांनी यंत्र हॉलमधल्या नव्या सपाट टीव्हीला जोडून पाहिले. तिथे उघडझाप गेली, पण मार बसलेल्या मारिओच्या अंगावर फणीच्या दातांसारखे पट्टे आले. नवा टीव्ही समजतो की दूरदर्शनसारखे अर्धे-अर्धे चित्र येत आहे, आणि दोन पडदे एकमेकांत विणून टाकतो. हे यंत्र अर्धे चित्र कधी पाठवीतच नाही. ते प्रत्येक पडद्याला त्याच त्या ओळी पुन्हा काढते.

ही शेवटची गोष्ट पुढे कामाला आली. कारण खरा प्रश्न अजून तसाच होता. चित्र दुरुस्त झाले म्हणजे आतेभावाला खेळू द्यावे का? आत्याची भीती निराधार नव्हती. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या मुलांच्या मालिकेत लाल-निळे झपके सेकंदाला बाराच्या गतीने काही क्षण चमकले आणि जवळजवळ ६८५ मुलांना इस्पितळात न्यावे लागले. लुकलुकीने फिट येणे ही खरी गोष्ट आहे. मात्र अपस्माराच्या शंभर रुग्णांत असे सुमारे तिघेच असतात. बाकीच्यांना झपक्यांचे वावडे नसते. आतेभाऊ कोणत्या गटात, हे मी किंवा चाचा ठरवू शकत नव्हतो.

मी एका कागदावर तिन्ही लुकलुकी लिहून काढल्या. कोणती सेकंदाला किती, पडद्याचा किती भाग, कोणती गेली आणि कोणती राहिली. आत्या आधी “डॉक्टर हसतील” म्हणाली, पण तपासणीची तारीख आलेलीच होती, म्हणून कागद बरोबर घेतला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आतेभावाचा जुना ई.ई.जी. काढला. तो करताना डोळ्यांसमोर निरनिराळ्या गतीने दिवा चमकावतात, आणि त्या वेळी आलेखात काही बिघाड दिसला नव्हता. मग त्यांनी माझा कागद वाचला. अशा रुग्णांना साधारण पंधरा ते पंचवीसच्या दरम्यानचे झपके सर्वांत अधिक बाधतात, असे त्यांनी सांगितले. पन्नासाच्या टीव्हीच्या अगदी जवळ बसले तर एकाआड एक ओळींची पंचविसाची थरथर डोळ्यात भरते, म्हणून जवळ बसणे वाईट. आमच्या यंत्रात अर्ध्या ओळींचा प्रकार नसल्याने ती नाही. माणसांची उघडझाप पंचविसाच्या आसपास जाते, पण ती पडद्याच्या लहानशा भागात असते; धोका मोठ्या भागातल्या झपक्यांचा अधिक.

त्यांनी त्याच्यापुरती परवानगी दिली, अटींसह. खोलीत दिवा लावलेला, अंतर आठ फूट, एका वेळी अर्धा तास, जागरण झाले असेल किंवा गोळी चुकली असेल त्या दिवशी मुळीच नाही. कधी डोळ्यांना विचित्र वाटले तर नुसते डोळे न मिटता एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा आणि तोंड फिरवायचे. ही परवानगी एका मुलाच्या तपासणीवरून त्याला मिळाली, दुसऱ्या कोणी ती उसनी घेऊ नये.

“आणि बंदूक?” आतेभावाने विचारले.

बंदुकीचे मी कागदावर वेगळे लिहिले होते. ‘डक हंट’ हा १९८४ सालचा बदके मारायचा खेळ. घोडा दाबला की सगळा पडदा एका क्षणापुरता काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या तोंडात उजेड ओळखणारा डोळा आहे. त्याला आधी काळे आणि लगेच पांढरे दिसले तर बदक पडले. म्हणजे गोळी पडद्याकडून बंदुकीकडे येते! सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, त्यामुळे तिथे ही बंदूक चालत नाही. नळीचा टीव्ही ठेवायला एवढे एक कारण पुरेसे आहे, असे आम्हा मुलांचे मत. डॉक्टरांनी विचार केला आणि म्हणाले, सगळा पडदा झपकतो ना, मग ती पुढच्या तपासणीपर्यंत राहू दे.

तेव्हा बंदूक आजीच्या वाट्याला आली. आतेभाऊ आठ फुटांवर भिंतीकडे तोंड करून बसतो आणि आवाजावरून तिला सूचना देतो. आजीचा नेम बरा आहे, पण बदक पडत नसे. दोन दिवस आम्ही बंदूक पुसत बसलो. शेवटी कळले की आभाळाची लुकलुक घालवायला उतरविलेला ब्राइटनेस बंदुकीच्या डोळ्याला पुरत नाही. आता बाबांनी रिमोटच्या पाठीवर चिकटपट्टी लावून दोन आकडे लिहून ठेवले आहेत, एक नातवाचा आणि एक आजीचा. आजीची पाळी संपली की आत्या स्वतः उठून आकडा खाली आणते.